नैरोबीहून आलेली माईआजीची पत्रं : जतनाच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

पाऊस पूर्ण थांबून हवा कोरडी होईपर्यंत ट्रंकेला हात लावायचा नाही, हे जूनमध्येच ठरलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या घरात असतो. अशा हवेत जुना कागद उघडला की तो ओल धरतो आणि मागोमाग बुरशी येते. दिवाळी झाली, ऊन चांगलं पडतंय, तेव्हा आज माजघरात सतरंजीवर धुतलेलं जुनं धोतर अंथरून सुरुवात केली.

काय आहे ते आधी लिहून ठेवते. माईआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. संगमेश्वर तालुक्यातल्या याच वाडीत वाढली, मराठी चौथीपर्यंत शिकली. १९३७ साली नवऱ्यामागोमाग नैरोबीला गेली, ते तिथे रेल्वेत कारकून होते. तिथून १९५४पर्यंत तिने आईला, म्हणजे माझ्या पणजीला, पत्रं लिहिली. शंभराच्या वर आहेत. पणजीला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की ओटीवर कोणीतरी मोठ्याने वाचायचं आणि वाडीतली माणसं ऐकायला जमायची. माईआजीला हे पक्कं ठाऊक होतं. मध्येच ती आईशी बोलायची थांबते आणि शेजारणीला विचारते की तुमची पाडी व्याली का, कोणा मुलाला दटावते की मागे बसून हसू नकोस. पत्र एकीच्या नावाचं, पण ऐकणारी सगळी वाडी.

हातमोजे घालायचे नाहीत. कागद इतका पातळ आहे की सुती मोज्यातून कड कळतच नाही आणि ती फाटते. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, तेल-क्रीम लावायचं नाही.

५ नोव्हेंबर

आजचा दिवस तारेवर गेला. जुन्या घरांतून पत्रं तारेत ओवून ठेवायची रीत होती : खाली लाकडाची चकती, मध्ये उभी जाड तार, वर आकडा करून तुळईच्या खिळ्याला अडकवायची. माईआजीची निम्म्याहून जास्त पत्रं अशीच आहेत. पुढे कधीतरी अख्खी तारच उचलून ट्रंकेत ठेवली गेली. प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक आहे आणि त्याभोवती गंजाचं तांबडं कडं. गंज नुसता डाग पाडून थांबत नाही. कागद तिथे ठिसूळ होतो आणि बोट लागलं की भुगा होतो.

चुलतभाऊ म्हणाला, वरच्या आकड्याकडून ओढून काढू. ओढली असती तर आकड्याच्या बाकाने प्रत्येक भोक फाटत गेलं असतं. आकडा कटरने छाटला, टोकाला कागदाची सुरळी बसवली आणि एकेक पत्र दोन्ही हातांनी सरळ वर सरकवत काढलं. काढताना प्रत्येकावर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, अगदी बारीक आकडा घातला. हा क्रम सोन्याच्या मोलाचा आहे. तारेत सगळ्यांत खाली सगळ्यांत आधी आलेलं पत्र असतं, म्हणजे पत्र पोचल्याचा क्रम त्या घराने आपसूक राखून ठेवलाय. बऱ्याच पत्रांवर साल नाही. पाकिटांवरची तिकिटं मुलांनी कधीच कापून नेली आणि त्यांच्याबरोबर टपालाचे शिक्केही गेले. तारीख लावायला तारेचा क्रम हाच मुख्य आधार राहणार.

तार आणि चकती टाकायची नाही. वेगळ्या पुडीत बांधून, नाव घालून ठेवली.

१२ नोव्हेंबर

ट्रंकेच्या तळाशी कसर लागली होती. डांबराच्या गोळ्या कोणीतरी थेट पत्रांत टाकल्या होत्या, त्या काढल्या. वेखंडाची पुरचुंडीही होती. ती पणजीच्याच हातची असणार, पोथ्यांच्या रुमालातही तशीच पुरचुंडी आहे.

कसर मारायला औषध फवारायचं नाही, थंडी द्यायची. पत्रं कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून, तोंड पक्कं बंद करून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांत दोन आठवड्यांसाठी ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, हे सर्वांना बजावलंय. अख्खा दिवस तशीच बंद ठेवायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, पत्रांवर नाही.

एका मावसभावाचा फोन आला : एवढा खटाटोप कशाला, शहरात नेऊन सगळी लॅमिनेट करून टाकू, शंभर वर्षं हलणार नाहीत. त्याला कळवळा आहे, म्हणून शांतपणे सांगितलं. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात भिनतं, ते पुन्हा सुटत नाही, आणि कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं. जतनात पहिला नियम असा की आज केलेलं उद्या उलटवता आलं पाहिजे. सेलोटेपही त्याच कारणासाठी बाद. तीन पत्रांवर जुनी सेलोटेप आहे, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरलाय. ती आपण सोडवायला जायचं नाही, जाणकाराकडे द्यायची.

१ डिसेंबर

स्कॅनिंग सुरू. सपाट काचेचा स्कॅनर, सहाशे डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. कागद आपोआप ओढून घेणारं यंत्र या कामाला चालत नाही. पातळ कागदावर मागची शाई पुढे दिसते, म्हणून प्रत्येक पानामागे काळा कागद. दोन्ही बाजू घ्यायच्या, कोरी असली तरी. कोऱ्या बाजूवर कधी दुधाचा हिशेब निघतो, कधी पणजीच्या घरातल्या कोणाची बेरीज. पत्र आल्यावर या घरात त्याचं काय झालं, ते त्यावरून कळतं.

लिहिण्याच्या साधनांची वेगळी नोंद करत्येय. सुरुवातीची पत्रं टाकाने, काळ्या शाईत. पुढे फाउंटन पेनची निळी शाई, जी उजेडात सगळ्यांत लवकर उडते. आणि युद्धकाळातली बरीचशी जांभळी पेन्सिल, म्हणजे कॉपिंग पेन्सिल. तिचं लिहिलेलं कोरडं असताना राखाडी दिसतं, पाण्याचा थेंब पडला की जर्द जांभळं होऊन पसरतं. एका पत्रात असा एक थेंब पडलाय आणि त्याखाली अडीच ओळी विरघळल्यात. तिरप्या उजेडात धरलं तर पेन्सिलीच्या टोकाने कागदावर पडलेले चर दिसतात. खिडकी बंद करून, टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरून चुलतभावाने फोटो घेतले, तेव्हा दीड ओळ वाचता आली. मजकूर साधा आहे : आमसुलं पोचली, पण पिशवीला भोक होतं, पुढच्या वेळी दुहेरी शिवा. मला हा मजकूर मोलाचा वाटतो. कोकणातली आमसुलं मोंबासामार्गे विषुववृत्ताजवळच्या स्वयंपाकघरात जात होती आणि त्या वाटेची अडचण एका बाईने नोंदवून ठेवली.

८ डिसेंबर

तारखा लावणं. माईआजी मिती लिहिते, शक कधी लिहिते, कधी नाही. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. हे सोपं. शक नसेल तेव्हा पंचांग, तारेतला क्रम आणि मजकूर, तिन्ही जुळवावे लागतात.

आज एक पत्र असं लागलं. वरचा कोपरा गंजाने गेलाय, फक्त ‘अ. श्रावण शु. १०’ राहिलंय. अधिक श्रावण त्या सगळ्या वर्षांत मोजक्याच वेळी आला, त्यात १९४७ आहे. मजकुरात ती एकामागून एक नावं घेते आणि विचारते की हा सुखरूप आहे ना, तो त्या दिवशी मुंबईत होता का, तिचा भाऊ बोटीने यायचा होता त्याचं काय झालं. बोटीचं नाव एकदाच येतं : रामदास. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आषाढ अमावास्या दुसऱ्या दिवशी होती आणि तिच्या पाठोपाठ अधिक श्रावण लागला. म्हणजे पत्र जुलैअखेरचं, अठ्ठावीस तारखेच्या आसपासचं. आमच्या वाडीतलं त्या बोटीवर कोणी नव्हतं. पण ती जिथे बसून लिहीत होती तिथे हे कळायला पुढचं टपाल यावं लागणार होतं आणि तोवर तिने जी नावं घेतली ती एका पानात मावली नाहीत, समासात उभी लिहिली आहेत. समास धरून स्कॅन करायचं, कड कापायची नाही, हे या पत्रामुळे सगळ्यांना आपोआप पटलं.

२२ डिसेंबर

मोठ्या आत्याला आणलं. वय अठ्ठ्याऐंशी. १९४५नंतरची बरीच पत्रं पणजीला तिनेच वाचून दाखवली आहेत. दिसायला कमी आहे, म्हणून पडद्यावर अक्षर मोठं केलं. पहिल्या ओळीला ती थांबलीच नाही : ‘तीर्थरूप आईस बालकेचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एका दमात, जुन्या चालीवर. मग म्हणाली, ‘अगं, हे असं सपाट नाही वाचायचं. माई जिथे आडवी रेघ मारते ना, तिथे थांबायचं. आजीला रडायला वेळ द्यायचा.’

त्या आडव्या रेघा आम्ही शाईची फरफट समजून मजकुरात घेणार नव्हतो. आता प्रत्येक रेघ घ्यायची. आत्याचं वाचन ध्वनिमुद्रित केलं, पत्राच्या क्रमांकाला जोडून ठेवलं. आत्या थकते, म्हणून एका बैठकीत दोनच पत्रं.

१२ जानेवारी २०२५

मजकूर उतरवण्याचे नियम पक्के केले, कारण तीन जण तीन पद्धतींनी टाइप करत होते.

माईआजी ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असं लिहिते. ते त्या काळचं शाळेतलं शुद्धलेखन, हे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनंतर गेले. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ती तोंडाला येईल तसं लिहिते. भाचीने, जी स्वतः मराठी शिकवते, सगळं प्रमाण करून दिलं होतं. वाचायला सुरेख, पण ती माईआजी नव्हती. ठरलं असं : मूळ प्रत अक्षर न् अक्षर तिची. शोधाला सोपी जावी म्हणून शेजारी दुसरी, आजच्या लेखनातली. छापायची ती पहिलीच.

वगळायचं काही नाही. हा माझा आग्रह आहे आणि त्यावर मी अडून बसले. जहाजाचं वर्णन ठेवू, सिंहाचं ठेवू, पण तांदळाचे भाव, कोणाला कितवा महिना, कोणत्या लुगड्याचा रंग गेला हे काढू, अशी सूचना होती. पण ही माणसं काय खात होती, किती पैशांत जगत होती, हे कुठल्या सरकारी दप्तरात मिळणार? ‘कारंजा’ नावाच्या बोटीच्या डेकवर तिने आठवडाभर काहीच खाल्लं नाही, शेवटी शेजारच्या गुजराती बाईने लोणच्याची फोड दिली, हे ती लिहिते. मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात उतरून रात्रभर गाडीने वर चढताना सकाळी खिडकीतून पट्ट्यापट्ट्यांची घोडी दिसली, हेही लिहिते. दोन्ही तिने सारख्याच अक्षरात, सारख्याच जागेत लिहिलंय. तांदूळ महाग म्हणून मक्याच्या पिठाची, तिकडच्या पोशोची, भाकरी कशी थापायची हे तिने जवळजवळ एक पान लिहिलंय : पाणी खळखळून उकळू द्या, पीठ त्यात वैरा, झाकून ठेवा, हाताला सोसवेल इतकं गरम असतानाच मळा, नाहीतर कडा फुटतात. काल आईने ते पान समोर ठेवून भाकरी केली. कडा फुटल्या नाहीत.

आमच्याच तालुक्यातल्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली कर्व्यांच्या आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेला गेल्या. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं म्हणून तो प्रवास आज आपल्याला कळतो. माईआजीने पुस्तक लिहिलं नाही, तिच्यावर कोणी ते लिहायची वेळही आणली नाही. म्हणून यादीत मी ‘कौटुंबिक कागद’ खोडून ‘प्रवासपत्रं’ असं लिहिलं.

२ फेब्रुवारी

घरच्यांची बैठक. १९५०-५१च्या पाच-सहा पत्रांत जमिनीच्या वाटणीवरून कडू मजकूर आहे, नावं घेऊन. त्या माणसांची मुलं हयात आहेत, त्यातली दोघं समोर बसली होती. फाडून टाका इथपासून सगळं उघड करा इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी मान्य झालं ते असं : मूळ पत्रं आणि त्यांची स्कॅन पूर्ण राखायची, एक ओळही खोडायची नाही. पण ही पत्रं वेगळ्या पाकिटात बंद ठेवायची आणि ती तीस वर्षांनी उघडायची. पाकिटावर कारण, तारीख आणि दोन्ही घरच्यांच्या सह्या. यादीत त्यांचे क्रमांक दिसतील, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मधली पत्रं हरवली.

हक्कांचंही बोलून घेतलं. कागद ज्याला मिळाला त्याचा, पण त्यावरच्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे तिच्या वारसांचा. पत्रं आमच्या घरी आहेत एवढ्याने छापायचा अधिकार आमचा होत नाही. माईआजीची नातवंडं परदेशात आहेत, त्यांना रीतसर पत्र गेलंय.

२३ फेब्रुवारी

आज नीट लिहायला हवं.

युद्धातल्या पाकिटांच्या कडेला सेन्सॉरची चिकटपट्टी आहे. त्या दिवसांत ती रेल्वेबद्दल काही लिहित नाही, हवापाण्याचं लिहिते. एकदा आईला सांगते की पत्र वाटेत कोणी साहेब उघडतो, तेव्हा त्यालाही नमस्कार. पण जे डोळ्यांसमोर आहे ते ती सोडत नाही. त्यांच्याकडे स्वयंपाकाला हाताखाली एक किकुयू, म्हणजे तिथल्या एका आफ्रिकन जमातीचा, माणूस होता. त्याच्या गळ्यात दोरीला पत्र्याची डबी असे, तिच्यात त्याचं ओळखपत्र, किपांडे. १९२०च्या सुमारापासून आफ्रिकन पुरुषांना ते जवळ बाळगणं सक्तीचं होतं. माईआजीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ते ताईत वाटलं. मग कळलं की हे नसेल तर पोलीस उचलतात. ती आईला लिहिते की इथे माणसाला गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखी खूण बांधतात. आणि त्याच पानावर, पुढच्याच परिच्छेदात, ती त्या माणसाबद्दल असे शब्द वापरते जे आज वाचवत नाहीत.

भाची म्हणाली, ते शब्द तरी गाळू. मी नाही म्हटलं. रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा, हिंदी लोकांचा वेगळा, आफ्रिकनांचा वेगळा, त्या उतरंडीत आपली माणसं मधल्या पायरीवर होती. तिथून वर पाहताना अपमान दिसायचा, खाली पाहताना सवय. दोन्ही तिच्या पत्रात आहेत. एक ठेवून दुसरं काढलं तर ते खोटं होईल, तिच्याशी आणि त्या माणसाशीही.

तो माणूस शेवटच्या पत्रांत पुन्हा येतो. ऑक्टोबर १९५२मध्ये इंग्रजी राजवटीविरुद्धच्या बंडामुळे केनियात आणीबाणी लागली. २४ एप्रिल १९५४ला नैरोबीला वेढा घालून हजारो किकुयू लोकांना पकडून छावण्यांत नेलं. माईआजीचं त्यानंतरचं हवाई पत्र आमच्याकडे आहे : निळा कागद, आतल्या घडीवरही बारीक अक्षर. सकाळी तो दूध घेऊन आला नाही. नवरा चौकशीला गेला, हात हलवत परतला. त्याची बायको गावाकडून येऊन दारात बसून राहिली, तिला पोशो आणि दहा शिलिंग दिले. माईआजीने इथे त्याचं नाव लिहिलंय. आधीच्या सतरा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. नाव इथे देत नाही, त्याच्या घरच्यांचा माग काढायचा प्रयत्न करायचा आहे. यादीत मात्र त्याच्या नावाची स्वतंत्र नोंद केली, ‘नोकर’ म्हणून नाही.

हे हवाई पत्र उघडताना कोणीतरी चुकीच्या कडेने कापलंय, त्यामुळे घडीवरच्या दोन ओळींचे दोन तुकडे झाले. ते चिकटवले नाहीत, एकाच घडीत शेजारी ठेवले. जोडायचे तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तेही जाणकाराच्या हातून.

१६ मार्च

कुठे ठेवायचं. माळा बाद, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते. बाहेरच्या भिंतीला लागून बाद, पावसात पाझरते. आम्लरहित कागदाच्या घड्या आणि खोके पुण्याहून आले. शाईची पत्रं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, पीव्हीसी चालत नाही. जांभळ्या पेन्सिलीची मात्र नुसत्या कागदी घडीतच, कारण पॉलिएस्टर घासलं की त्यातल्या विजेने पेन्सिलीची भुकटी उचलली जाते.

मूळ पत्रं इथे राहू नयेत असं माझं मत झालंय. घरातल्यांना जड जातंय, मलाही. पण दर पावसाळ्याला आपण या कागदांची परीक्षा घेतो आणि एका वर्षी ते नापास होतील. हवा नियंत्रित असलेल्या पुण्यातल्या एका संस्थेशी बोलणं चाललंय. अट एकच : गावातल्या वाचनालयात पूर्ण छापील संच राहील, मोठ्या टायपात, आडव्या रेघांसकट. वाचून दाखवायला उपयोगी पडेल असा.

स्कॅनच्या तीन प्रती : एक इथे हार्ड डिस्कवर, दुसरी पुण्यात भावाकडे, तिसरी क्लाउडवर. दर सहा महिन्यांनी फाइली उघडून पाहायच्या, कोण पाहणार ते नाव लिहून ठेवलंय.

४ मे

माईआजीच्या नातीचा परवानगीचा मेल आला. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिने विचारलंय की आत्याच्या आवाजातलं वाचन मिळेल का. आज पहिली बारा मुद्रणं पाठवली. पणजीची उत्तरं तिच्याकडे असतील अशी आशा होती, पण नैरोबी सोडताना ती तिथेच राहिली.

मूळ पत्रं पाऊस लागायच्या आत पुण्याला जायला हवीत. खोकी भरताना क्रम तारेचाच ठेवलाय, तारखेचा नाही, तारखांची यादी वेगळी. बंद पाकीट तिसऱ्या खोक्यात, तार आणि चकती चौथ्यात. सेलोटेपवाली तीन पत्रं आणि कापलेलं हवाई पत्र यांवर लाल चिठ्ठी, तिथल्या जतनतज्ज्ञांनी आधी ती पाहावीत म्हणून. १९४९नंतरच्या हवाई पत्रांचा मजकूर उतरवायचा बाकी आहे. तो पावसाळ्यात स्कॅनवरून करू. आत्याने रोज दुपारी चारची वेळ दिली आहे.